स्वमग्न मुले : पालकांनी जाणून घ्यावे असे काही

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संस्कारित मजकूर)



१९७५ साली ज्यांनी या ट्रस्टची मुहूर्तमेढ रोवली, त्यांपैकी बहुतेक आज आपल्यात नाहीत. त्यांच्या स्मृतीस अभिवादन करून मी बोलण्यास उभा आहे. विश्वस्तांनी मला मुळात दिलेला विषय होता ‘कापड व्यवसायातील स्थित्यंतरे’. तो माझ्या सवयीचा विषय. मागापासून ऑनलाइन विक्रीपर्यंत मी तासभर सहज बोललो असतो. परंतु मी विषय बदलून मागितला आणि त्यांनी तो उदारपणे दिला. मी डॉक्टर नाही, मानसशास्त्राचा अभ्यासकही नाही. शिक्षण बी.कॉम., आणि उभा जन्म कापडपेठेतील गादीवर गेला. या विषयातील माझा अधिकार एवढाच की, माझा दहा वर्षांचा नातू स्वमग्न आहे, आणि ही गोष्ट समाजापुढे उच्चारण्यास मला सात वर्षे लागली.

तो दीड वर्षाचा असताना एके रात्री सूनबाई म्हणाली, “मामा, याला हाक मारली तरी हा वळून बघत नाही. शेजारचा याच्याच वयाचा मुलगा बोट करून चांदोबा दाखवतो. याने अजून कशाकडेच बोट केलेले नाही.” मी दिवसभराची रोजकीर्द लिहीत होतो. मान वर न करता म्हणालो, “अगं, मी स्वतः साडेतीन वर्षांचा होईपर्यंत बोललो नव्हतो. आपल्या घराण्याची रीतच आहे ती. उगाच डोक्यात घेऊ नकोस.” त्यानंतर घरगुती उपाय सुरू झाले. वेखंड उगाळून जिभेला लावले. मध आपल्यात वर्ज्य, म्हणून तुपात. मुलगा आणि सूनबाई दोनदा पुण्याला जायला निघाले, आणि दोन्ही वेळा मीच त्यांना थांबवले. एकदा लग्नसराईचे कारण सांगून, एकदा दिवाळीचे. मूल तीन वर्षांचे झाल्यावर बालवाडीत घातले. आठ दिवसांनी तिथून निरोप आला की, याला तूर्त घरीच ठेवा.

२०१८ च्या नोव्हेंबरात पुण्याच्या डॉक्टरांनी दोन तास त्याच्याबरोबर जमिनीवर बसून निरीक्षण केले आणि निदान सांगितले. मग त्यांनी नोंदीसाठी एक साधा प्रश्न विचारला, “प्रथम केव्हा लक्षात आले?” सूनबाई क्षणभर थांबली आणि म्हणाली, “दीड वर्षाचा असताना.” त्यावेळी तो तीन वर्षे दहा महिन्यांचा होता. मधल्या काळाबद्दल डॉक्टरांनी विचारले नाही, आणि तिनेही माझे नाव घेतले नाही. ती दोन वर्षे चार महिने मी माझ्या खात्यावर नावे टाकून ठेवली आहेत. आज इथे उभे राहण्याचे कारण ते आहे.

‘ऑटिझम’ला मराठीत ‘स्वमग्नता’ हा शब्द रूढ झाला आहे. आपल्या प्रवचनांतून ‘आत्ममग्न’ हे विशेषण मुनिराजांच्या गौरवार्थ ऐकत आलेल्या माझ्या कानांना तो शब्द प्रथम ऐकताना मुळीच वाईट वाटला नाही. डॉक्टरांना माझा चेहरा पाहून कळले असावे, कारण त्यांनी पुन्हा सावकाश समजावून सांगितले. ही मग्नता साधनेची नव्हे, आणि मूल रुसून किंवा जगाला कंटाळून आत वळले आहे असेही नव्हे. त्याच्या मेंदूची घडणच आरंभापासून निराळ्या रीतीने झालेली असते. दुसऱ्याच्या चेहऱ्यावरील भाव, आवाजातील चढउतार, बोट, नजर या ज्या खुणा इतर मुलांना कोणी न शिकवता कळतात, त्या याला शिकवाव्या लागतात. त्याच वेळी काही गोष्टींचा आग्रह मोठा असतो : तोच रस्ता, तेच ताट, तोच क्रम. कुकरची शिटी, नव्या कापडाची खळ, सदऱ्याच्या मानेपाशी शिवलेले लेबल असे काही एखाद्या मुलाला असह्य होते, तर दुसऱ्या मुलाला खरचटल्याची जाणीवही उशिरा होते. शेडकार्डावर ‘पिवळा’ म्हणून एकच रंग नसतो. लिंबू, हळदी, आंबा, मोहरी अशा कितीतरी छटा असतात. तसेच हेही आहे. कोणी आयुष्यभर शब्द बोलत नाही, तर कोणी अभियंता होतो आणि चाळिशीत त्याला उलगडा होतो की आपण लहानपणापासून वेगळे का होतो.

आता लोक मला विचारतात, “आमच्या काळी हे नव्हते. मग आताच एवढी मुले कुठून येऊ लागली?” हा प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे, कारण याच प्रश्नाच्या पोटात अनेक अफवा वाढतात.

अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्र आठ वर्षांच्या मुलांच्या नोंदी ठरावीक भागांतून तपासते. २००० सालच्या पाहणीत १५० मुलांत एक ऑटिझम असलेले मूल आढळले होते. २०२२ च्या पाहणीत, जिचा अहवाल एप्रिल २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला, ते प्रमाण ३१ मुलांत एक आहे. बावीस वर्षांत जवळजवळ पाचपट! आकडा वाचून कोणाच्याही छातीत धस्स होईल. परंतु मी व्यापारी आहे, आणि आकडा दिसला की तो कोणत्या मापाने मोजला हे आधी विचारण्याची मला सवय आहे. १९५६ च्या कायद्याने देशात दशमान मापे आली, तेव्हाची गोष्ट वडील सांगत. काल ज्या लुगड्याला नऊ वार म्हणत, त्याच लुगड्याच्या पावतीवर सव्वाआठ मीटर लिहावे लागे. जुनी गिऱ्हाइके भांडायला उठत की, कापड कमी दिले! कापड तेवढेच होते. माप बदलले होते.

ऑटिझमचे मापही असेच वारंवार बदलले. १९४३ साली बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे वर्णन करणारा निबंध लिहिला, आणि त्यानंतर बराच काळ त्या अकरा मुलांशी अगदी जुळणारे मूलच ऑटिझमचे मानले जाई. १९६६ साली इंग्लंडच्या मिडलसेक्स परगण्यात पहिली मोठी मोजणी झाली, तेव्हा दहा हजारांत चार-पाच मुले निघाली. पुढे लंडनच्या डॉ. लॉर्ना विंग यांनी सहकाऱ्यांसह कॅम्बरवेल भागात पाहणी केली. त्या स्वतः एका ऑटिस्टिक मुलीच्या माता होत्या. कॅनरच्या चौकटीत न बसणारी, तरीही त्याच अडचणी असलेली कितीतरी मुले त्यांनी १९७९ मध्ये दाखवून दिली. १९९० साली अमेरिकेच्या शिक्षण कायद्यात ऑटिझमचा स्वतंत्र वर्ग आला, आणि पूर्वी ज्यांच्या नावापुढे ‘मतिमंद’ लिहिले जाई अशा अनेक मुलांच्या नावापुढे ऑटिझम लिहिले जाऊ लागले. १९९४ मध्ये निदानाच्या ग्रंथात बोलक्या मुलांच्या अॅस्पर्गर प्रकाराला जागा मिळाली. २०१३ मध्ये हे सारे एकाच पटाखाली आले. प्रत्येक वेळी आकडा वाढत गेला.

याहूनही बोलका पुरावा त्याच २०२२ च्या पाहणीत आहे. टेक्सासमधील लारेडो या भागात १०३ मुलांत एक, तर कॅलिफोर्नियातील पाहणीच्या भागात १९ मुलांत एक. देश एक, साल एक, आणि फरक पाचपटीहून अधिक. हवा-पाण्याने एवढा फरक पडत नाही. कुठे किती बारकाईने शोधले जाते, त्याने पडतो. सारीच वाढ मापाची आहे असे मात्र मी म्हणणार नाही. आईवडिलांचे वय अधिक असणे आणि मूल अपुऱ्या दिवसांचे जन्मणे यांचा ऑटिझमशी काही अंशी संबंध आढळला आहे. आज लग्ने उशिरा होतात, आणि पूर्वी न वाचणारी सातव्या महिन्याची बाळेही वाचतात, ही तर आनंदाची गोष्ट. वाढीचा थोडा भाग तिथून येत असेल. मोठा भाग मात्र शोधण्याचा आहे.

आपल्या देशाचे काय? २०११ च्या जनगणनेत ऑटिझमचा स्वतंत्र रकानाच नव्हता. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पलवल, कांगडा, ढेंकनाल, उत्तर गोवा आणि हैदराबाद या पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांची मुले घरोघरी जाऊन तपासली, तेव्हा ऑटिझमचे प्रमाण साधारण शंभरात एक किंवा किंचित अधिक निघाले. आपल्या समाजात किती घरे आहेत, हे ट्रस्टच्या नोंदवहीत आहे. गुणाकार ज्याने त्याने करावा.

“आमच्या काळी नव्हते” म्हणणाऱ्यांना मी आमच्या दादांची आठवण सांगतो. ते माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. सारी पेठ त्यांना ‘मुका’ म्हणे, पण ते मुके नव्हते. दिवसाकाठी दहा-बारा शब्द बोलत आणि तेही बहुधा कापडाच्या भावाचे. दुकानाच्या मागच्या खोलीत बसून तागे घडी करणे हे त्यांचे काम. एक घडी दुसरीपेक्षा तसूभर पुढे येत नसे. दुसऱ्या कोणी तागा लावला तर ते तो काढून पुन्हा लावत. वर्षानुवर्षे त्यांच्या ताटात भात, दूध आणि भाकरी यांपलीकडे काही पडले नाही. एका दिवाळीला वडिलांनी फळ्यांची मांडणी बदलली, तेव्हा दादा दोन दिवस जेवले नाहीत, खोलीच्या कोपऱ्यात नुसते डुलत राहिले. तिसऱ्या दिवशी वडिलांनी मुकाट्याने मांडणी पूर्ववत केली. दादांचे लग्न झाले नाही. त्यांच्या आईला लोकांनी काय काय ऐकवले, ते माझ्या आजीच्या तोंडून मी ऐकले आहे. दादा गेले तेव्हा मी तिशीच्या आत होतो. पुण्याहून परतताना गाडीत माझ्या डोळ्यांसमोर नातू नव्हता, दादा होते. कोणत्याही खानेसुमारीत ते ‘ऑटिझम’ म्हणून मोजले गेले नाहीत. आपल्यापैकी ज्येष्ठांनी आपापला वाडा आठवून पाहावा.

आणि न मोजण्याचे काम आपण आजही करतो. निदानानंतर नातवाला आठवड्यातून दोनदा उपचारांसाठी न्यावे लागे. नातेवाइकांनी विचारले की आम्ही सांगत असू, “संस्कारवर्गाला जातो.” कारण धाकट्या चिरंजिवांसाठी स्थळे पाहणे चालू होते. स्थळ ठरले, लग्न थाटात झाले. चार महिन्यांनी व्याहीबुवांनी मला एका कार्यात बाजूला घेतले आणि खाली मान घालून सांगितले की, त्यांच्या पुतण्याची मुलगीही अशीच आहे. आधी सांगायला हवे होते, क्षमा असावी. मी काय बोलणार? दोन घरांनी एकमेकांपासून एकच गोष्ट लपवली होती, आणि दोन्ही घरांतल्या मुलांच्या आयांनी त्या लग्नात जेवणे उरकून लवकर घर गाठले होते.

कारणांविषयी बोलतो, कारण सर्वाधिक इजा इथेच होते. १९६७ साली अमेरिकेत ब्रुनो बेटलहाइम यांनी एक पुस्तक लिहून मायेचा ओलावा नसलेल्या आयांना दोष दिला, आणि हजारो माता स्वतःला अपराधी समजत जगल्या. वास्तविक त्याच्या तीन वर्षे आधी बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जे स्वतः अशा मुलाचे वडील होते, हे मेंदूच्या घडणीचे प्रकरण आहे असे पुराव्यानिशी मांडले होते. आज पाच देशांतील वीस लाखांहून अधिक व्यक्तींच्या नोंदींवरील २०१९ च्या अभ्यासातून दिसते की, ऑटिझमच्या संभवातील सुमारे ऐंशी टक्के फरक आनुवंशिक घटकांमुळे असतो. एकच एक जनुक नव्हे. अनेक जनुकांचे लहानलहान धागे. आपल्याकडे मातेवरील त्याच जुन्या आरोपाला पूर्वकर्माचे वस्त्र चढवले जाते. कर्मसिद्धांतावर भाष्य करण्याची माझी पात्रता नाही. पण आजवर जे ऐकले त्यात कर्माचा विचार स्वतःच्या आचरणाच्या शोधनासाठी सांगितलेला आहे, शेजारणीच्या पदरात टाकण्यासाठी नव्हे.

लसीची गोष्ट तर माझ्याच घरची. नातवाचे निदान झाले त्याच महिन्यात महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली. मोबाइलवर आलेला एक संदेश वाचून मी फर्मावले, “लस द्यायची नाही.” सूनबाईने तो संदेश थेट डॉक्टरांनाच दाखवला. तेव्हा कळले की, १९९८ साली अँड्र्यू वेकफिल्ड या डॉक्टरने अवघ्या बारा मुलांवरून लिहिलेला निबंध या साऱ्याच्या मुळाशी आहे. तो निबंध ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला, आणि त्याच वर्षी त्या गृहस्थांचे नाव ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदवहीतून काढून टाकण्यात आले. डेन्मार्कमधील साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या २०१९ च्या अभ्यासात लस आणि ऑटिझम यांचा संबंध आढळला नाही. मग लोकांना तसे का वाटते? कारण या लशी नऊ महिने ते दोन वर्षे या वयात दिल्या जातात आणि ऑटिझमची लक्षणेही नेमकी त्याच वयात उठून दिसू लागतात. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी गरोदरपणातील पॅरासिटामॉलवर बोट ठेवले, तेव्हा आमच्या सूनबाईची झोप पुन्हा उडाली. तिला तिसऱ्या महिन्यात ताप आला होता. स्वीडनमधील सुमारे पंचवीस लाख मुलांचा अभ्यास २०२४ मध्येच प्रसिद्ध झालेला आहे. त्यात सख्ख्या भावंडांची एकमेकांशी तुलना केल्यावर असा संबंध उरला नाही. तो कागद मुलाने तिला छापून आणून दिला. मोबाइलने ऑटिझम होतो, हेही सिद्ध झालेले नाही. मात्र बोलायला शिकण्याचे तास मोबाइल गिळतो, तेव्हा तो काढून घ्यावा हे बरेच.

आता तरुण आईवडिलांसाठी, आणि त्यांच्याहून अधिक माझ्यासारख्या आजोबांसाठी. वर्षाचे मूल नावाने हाक मारल्यावर वळते का? दीड वर्षाचे मूल बोट करून ‘ते बघ’ असे दाखवते का? हवी ती वस्तू मागण्यासाठी नव्हे, नुसती आपल्याला दाखवण्यासाठी? नजरेला नजर देऊन हसते का? टाळ्या, टाटा अशी नक्कल करते का? दोन वर्षांचे मूल दोन शब्द आपणहून जोडते का? आणि येत असलेले शब्द गेले का? हे शेवटचे कोणत्याही वयात घडले तरी एक दिवसही थांबू नये. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची वीस प्रश्नांची सोपी तपासणी बालरोगतज्ज्ञ दहा मिनिटांत करतात. तिने निदान होत नाही, पुढे जायचे की नाही एवढे कळते. कानांची बेरा चाचणी सोबत करून घ्यावी, कारण न ऐकू येणारे मूलही वळून बघत नाही. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत शीघ्र हस्तक्षेप केंद्रे सुरू झाली; तिथे तपासणी विनामूल्य होते. तपासणीत काही निघाले नाही, तर एक दिवसाचा प्रवास वाया गेला, एवढेच. “मुलगे उशिराच बोलतात” हे वाक्य मात्र बोलणाऱ्याला फुकट पडते. त्याची किंमत मूल भरते.

उपचार म्हणजे काय? औषधाने ऑटिझम जात नाही. फिट्स, झोप, अतिचंचलता अशा जोडीच्या अडचणींना औषध लागू शकते. मुख्य काम वाचा-उपचार, व्यवसायोपचार आणि विशेष शिक्षण यांचे, आणि त्याहूनही मोठे काम घरातल्यांचे. गोव्यात आणि पाकिस्तानातील रावळपिंडीत ६५ मुलांवर एक प्रयोग झाला, त्याचा निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरी जाऊन आईवडिलांना मुलाशी कसे खेळावे, कसे थांबावे, त्याने सुरुवात करण्याची वाट कशी पाहावी हे शिकवले; आणि मुलांचा आईवडिलांशी होणारा संवाद सुधारला. आमच्या घरीही सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट महागडी नव्हती. दिवसाचा क्रम चित्रांच्या पट्टीवर लावायचा : दात, आंघोळ, मंदिर, न्याहारी, शाळा. पुढे काय होणार हे दिसू लागले, तसा निम्मा आकांत थांबला.

याच वाटेवर फसवणुकीची दुकानेही आहेत. निदानानंतर सहा महिन्यांनी एका मोठ्या शहरातील दवाखान्यात मी स्वतः मूलपेशी उपचारांची चौकशी करून आलो. काही लाखांचा आकडा, गुळगुळीत कागदावरील माहितीपत्रक, बऱ्या झालेल्या मुलांची छायाचित्रे. मी आगाऊ रक्कमही भरली, आणि ती पुढे परत मिळाली नाही. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने स्पष्ट केले की, ऑटिझमसाठी मूलपेशी उपचारांची शिफारस नाही, आणि तसे उपचार देणे वा त्यांची जाहिरात करणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरेल. चाळीस वर्षे धंदा केलेल्या माणसाला एक गोष्ट त्या दिवशी दिसली नाही, ती आज सांगतो : रंग जाणार नाही अशी हमी जो व्यापारी न विचारता देतो, त्याचा तागा आधी पाण्यात घालून बघावा.

कागदपत्रांविषयी थोडे, कारण वाणिज्य शाखेच्या पदवीधराला तेवढे तरी समजते. अपंगत्वाच्या १९९५ च्या कायद्यात ऑटिझमचे नाव नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने त्याला एकवीस प्रकारांत स्थान दिले. जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र मिळते. चाळीस टक्के किंवा अधिक असल्यास सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क, परीक्षेत सवलती, आणि जुनी कररचना निवडणाऱ्या पालकांना आयकरात ७५ हजारांची, तीव्र असल्यास सव्वा लाखाची वजावट मिळते. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाखापर्यंत आरोग्यविमा आहे. “मुलावर शिक्का बसेल” म्हणून पुष्कळजण प्रमाणपत्र घेत नाहीत. आम्हीही दीड वर्ष घेतले नाही. मूल अठरा वर्षांचे झाल्यावर, ज्याला गरज आहे त्याच्यासाठी कायदेशीर पालक नेमावा लागतो. तो अधिकार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे असतो. मृत्युपत्र करताना नातवाच्या वाट्याचे थेट त्याच्या नावे ठेवावे की त्याच्यासाठी खाजगी न्यास करावा, यावर मी आणि आमचे वकील तीन बैठका बसलो. “आमच्यानंतर याचे काय?” हा प्रश्न रात्री दोन वाजता छातीवर बसतो, त्यातला निदान काही भाग दिवसाउजेडी मुद्रांकाच्या कागदावर उतरवता येतो.

शेवटी आपल्या मंदिराविषयी. दशलक्षण पर्वात ढोल, घंटा आणि ध्वनिवर्धक एकदम सुरू झाले की नातू कानांवर हात ठेवून किंचाळत असे. सात वर्षांपूर्वी कोणीतरी सूनबाईला म्हणाले, “घरीच ठेवत जा ना त्याला.” बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसेल. त्यानंतर दोन वर्षे ती मंदिराची पायरी चढली नाही. मग आपल्या उपाध्यांनी एक दिवस तिला सांगितले, “ताई, पहाटे अभिषेकानंतर या, त्यावेळी ध्वनिवर्धक बंद असतो.” तेव्हापासून तो रोज येतो. पाटावर तांदळाचे पुंज मांडतो, ओळी अशा सरळ की त्यावर सूत धरावे. विश्वस्तांकडे माझी मागणी मोठी नाही. पर्वकाळात रोज एक तास ध्वनिवर्धकाविना ठेवावा. पाठशाळेच्या शिक्षिकांसाठी एक दिवसाचे प्रशिक्षण ठेवावे. खर्च मी देईन. आणि सभागृहाच्या वातानुकूलनासाठी जो निधी जमला, त्याच उत्साहाने गरजू घरांच्या उपचारांसाठी एक निधी उभारावा.

नातवाची आजची स्थिती विचाराल, तर तो तीन-चार शब्दांची वाक्ये बोलतो, विशेष शिक्षिकेच्या मदतीने शाळेत जातो, अजून केस कापताना चौघांना धरावे लागते. सायंकाळी तासभर दुकानात बसतो. साडी दाखवली की तो शेकडो पीसांतून नेमक्या छटेचा टू बाय टू काढून देतो. यावरून अशा मुलांत दैवी शक्ती असते, असा अर्थ कृपया काढू नये. पुष्कळ मुलांत असे काही नसते आणि ती तेवढीच आपली असतात. परवा एका बाईंनी त्याला विचारले, “बाळ, नाव काय तुझे?” त्याने नाव सांगितले नाही. पीस त्यांच्या साडीवर ठेवला आणि बोट करून मला दाखवला.

माझे दुकान सोमवारी बंद असते. त्या दिवशी दुपारी मी आणि सूनबाई घरी असतो. कोणाच्या घरात शंका असेल त्यांनी यावे, मूल घेऊन आले तरी चालेल. पुण्याच्या डॉक्टरांचा पत्ता, प्रमाणपत्राचे अर्ज आणि चित्रांच्या पट्ट्यांच्या प्रती आमच्याकडे आहेत. आले कोण, हे आमच्या उंबऱ्याबाहेर जाणार नाही.

जय जिनेंद्र.